चालू मशीनमध्ये रॅम वाढवता येते, पण काढायची कशी?

परवा माझ्या मावसभावाने नवा फोन घेतला. घरी आल्या आल्या बॉक्स नाचवत म्हणाला, "ताई, १६ जीबी रॅम!" बॉक्स हातात घेऊन बघितला तर त्यावर '८ + ८' असं लिहिलेलं. सेटिंग्जमध्ये एक स्लायडर होता. तो पुढे सरकवला की रॅम वाढते म्हणे. त्याने लगेच सरकवला, तर फोन म्हणाला: रीस्टार्ट करा. मग त्याने एक भारी प्रश्न विचारला. "रॅम वाढवायची तर फोन बंद का करावा लागतो? चालू असताना नाही का वाढवता येत?"

प्रश्न साधा वाटतो, पण माझं निम्मं काम याच प्रश्नाभोवती फिरतं. मी ज्या टीममध्ये आहे तिथे आम्ही चालू असलेल्या लिनक्स सर्व्हरला रॅम जोडतो आणि काढतो, एक सेकंदही बंद न करता. याला मेमरी हॉटप्लग म्हणतात. जोडणं सोपं आहे. काढणं मात्र असं प्रकरण आहे की त्याने माझी एक अख्खी रात्र खाल्ली. ती रात्रही सांगते, पण आधी फोनचा हिशोब मिटवूया.

फोनमधली 'वाढीव रॅम' म्हणजे काय?

ते वरचे ८ जीबी रॅम नाहीतच. तो तुमच्या स्टोरेजचा, म्हणजे जिथे फोटो आणि ॲप्स राहतात त्या जागेचा एक तुकडा आहे. मागे पडलेल्या ॲपची माहिती तिथे ढकलून ठेवायची आणि लागली की परत रॅममध्ये आणायची, इतकंच. याला स्वॅप म्हणतात. स्टोरेज रॅमपेक्षा खूपच हळू असतं, त्यामुळे ८ + ८ म्हणजे १६ हे गणित शाळेत बरोबर, फोनमध्ये नाही. वाईट काही नाही त्यात, पण खरी रॅम बॉक्समध्ये होती तेवढीच राहते. फोनची रॅम बोर्डवर सोल्डर केलेली असते, ती कुणी वाढवत नाही.

खरी रॅम कुठे वाढते?

मुख्यतः व्हर्च्युअल मशीनमध्ये. तुम्ही जी वेबसाइट किंवा ॲप वापरता तिचा सर्व्हर बहुतेक वेळा अख्खं मशीन नसतो. एका मोठ्या मशीनच्या पोटात अशी अनेक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम चालत असतात. गर्दी वाढली की एखाद्या व्हीएमला जास्त मेमरी द्यायची आणि गर्दी ओसरली की परत घेऊन दुसऱ्याला द्यायची. काही मोठ्या सर्व्हरमध्ये तर मशीन चालू असताना मेमरीचं अख्खं कार्ड बसवता किंवा काढता येतं. बिघडायला लागलेलं कार्ड मशीन न थांबवता बदलता यावं, हा त्यामागचा एक उद्देश. २०१९ मध्ये आलेल्या सीएक्सएल या नव्या जोडणीमुळे तर पीसीआय एक्स्प्रेसच्या वाटेनेही मेमरी लावता येते. म्हणजे हा विषय जुना होण्याऐवजी वाढतोच आहे.

आता हे आत कसं घडतं ते बघू. पुण्या-मुंबईत राहणाऱ्यांना एक उदाहरण पटकन कळेल: हाउसिंग सोसायटी.

नवी विंग बांधली, पण ताबा कधी?

रॅम म्हणजे एक मोठी सोसायटी समजा. तिच्यात ४ केबीचे छोटे छोटे फ्लॅट आहेत, त्यांना पेज म्हणतात. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हा सोसायटीचा सेक्रेटरी. कोणता फ्लॅट कुणाला दिलाय, कोणता रिकामा आहे, हे सगळं त्याच्या रजिस्टरमध्ये असतं.

नवीन रॅम आली की लिनक्स दोन वेगळ्या पायऱ्यांत काम करतो.

पहिली पायरी 'अ‍ॅड'. म्हणजे बांधकाम. नवीन मेमरी कुठल्या पत्त्यावर आहे हे कर्नलला कळतं, तिथे पोहोचण्याचा रस्ता तयार होतो आणि प्रत्येक पेजसाठी रजिस्टरमध्ये एक नोंद उघडली जाते. पण राहायला अजून कुणी येत नाही.

दुसरी पायरी 'ऑनलाइन'. म्हणजे ताबा. आता ती पेजेस रिकाम्या फ्लॅटच्या यादीत जातात आणि तिथून कुणालाही दिली जाऊ शकतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय ताबा द्यायचा नाही, तसंच हे. मधल्या वेळात काही चुकलं तर आत कुणी राहत नसल्यामुळे सगळं सुखरूप मागे घेता येतं.

हे सगळं ब्लॉकच्या हिशोबात होतं. आपल्या नेहमीच्या ६४-बिट इंटेल किंवा एएमडी मशीनवर ब्लॉक किमान १२८ एमबीचा असतो, मोठ्या मशीनवर तो २ जीबीपर्यंत जाऊ शकतो. प्रत्येक ब्लॉकसाठी लिनक्स एक फोल्डर दाखवतो आणि त्यात 'स्टेट' नावाची एक फाइल असते. त्या फाइलमध्ये 'ऑनलाइन' किंवा 'ऑफलाइन' असा शब्द लिहिला की कर्नल तसं करायला घेतो. इतकं साधं बटण आहे ते.

इथे एक गंमत आहे. रजिस्टरलाही जागा लागते! प्रत्येक पेजची नोंद साधारण ६४ बाइटची. १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये ३२,७६८ पेजेस, म्हणजे नुसत्या नोंदींना २ एमबी. ६४ जीबी रॅम जोडली तर नोंदीच १ जीबी खातात. आणि नवीन मेमरी अजून ताब्यात आलेली नसते, त्यामुळे ही जागा जुन्या मेमरीतून द्यावी लागते. मेमरी कमी पडली म्हणून मेमरी जोडायला गेलात, तर जोडण्यासाठीच मेमरी कमी पडू शकते. यावर उपाय म्हणून नव्या लिनक्समध्ये एक पर्याय आहे: नव्या विंगचं रजिस्टर नव्या विंगच्याच तळमजल्यावर ठेवायचं.

निकालाचा दिवस

आता ती रात्र. मी कंपनीत नवीन होते, जेमतेम आठ महिने झाले होते. आमच्याकडच्या एका व्हीएमवर एका परीक्षेच्या निकालाची साइट होती. निकाल दुपारी १ वाजता. व्हीएमची रॅम १६ जीबी. मी सकाळी तिला १६-१६ जीबीचे तीन व्हर्च्युअल मेमरी मॉड्यूल जोडले, झाली ६४ जीबी. साइट बंद नाही, काही नाही. १ वाजता सगळे तुटून पडले आणि साइट टिकली. मी दिवसभर हवेत.

ही ४८ जीबी मात्र उसनी होती. त्याच होस्टवरच्या दुसऱ्या एका व्हीएममध्ये रात्री २ वाजता बॅकअप सुरू व्हायचा आणि त्याला ही मेमरी हवी होती. रात्री ११ ला मी आरामात बसले आणि पहिलं मॉड्यूल काढायची कमांड दिली. उत्तर आलं: 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी'. परत दिली. परत तेच. एका १६ जीबीच्या मॉड्यूलमध्ये १२८ एमबीचे १२८ ब्लॉक असतात. त्यातले ११९ ऑफलाइन होऊ शकत होते, ९ होत नव्हते. पण मॉड्यूल काढायचं तर अख्खं. ११९ ब्लॉक रिकामे होऊ शकतात याचा उपयोग शून्य. बाकीच्या दोन मॉड्यूलची अवस्था याहून वाईट.

साइटवर त्या वेळी गर्दी नव्हती. 'फ्री मेमरी' ५० जीबीच्या आसपास दिसत होती. मग इतकी जागा रिकामी असताना ४८ जीबी का सुटत नाही?

सगळेच भाडेकरू हलत नाहीत

उत्तर असं: जागा किती रिकामी आहे हा प्रश्नच नसतो, त्या जागेत कोण बसलंय हा असतो.

ॲपची मेमरी हलवता येते. कारण ॲपला खरा पत्ता माहीतच नसतो. ॲपकडे असतो तो व्हर्च्युअल पत्ता, आणि व्हर्च्युअल पत्ता म्हणजे खरा कोणता फ्लॅट हे सांगणारी वही, पेज टेबल, कर्नलकडे असते. कर्नलने सामान एका फ्लॅटमधून दुसऱ्यात हलवलं आणि वहीत नवा नंबर लिहिला, की ॲपला पत्ताही लागत नाही. पोस्टमनला नवा नंबर सांगितला की झालं. डिस्कवरच्या फाइल्सच्या ज्या प्रती रॅममध्ये ठेवलेल्या असतात, त्याही साधारण अशाच हलतात.

कर्नलची स्वतःची मेमरी मात्र तशी नसते. वेग हवा म्हणून कर्नल आपल्या बऱ्याचशा मेमरीकडे सरळ हिशोबाने पोहोचतो: खरा पत्ता अधिक एक ठरलेला आकडा. मध्ये बदलता येईल अशी वही नाही. प्रोसेसची माहिती, उघड्या फाइल्सच्या नोंदी, नेटवर्कचे बफर आणि ही पेज टेबलंसुद्धा अशाच जागेत असतात, आणि त्यांचे पत्ते कर्नलभर हजार ठिकाणी लिहून ठेवलेले असतात. सामान हलवलं तर ते हजार जण जुन्याच दारावर थाप मारणार. म्हणून हे भाडेकरू हलवता येत नाहीत.

तिसरा प्रकार 'पिन' केलेल्या पेजेसचा. नेटवर्क कार्ड किंवा जीपीयूसारखं एखादं उपकरण प्रोसेसरला न विचारता थेट त्या पेजमध्ये लिहीत असेल, तर ते पेज मध्येच हलवून चालत नाही. उपकरण जुन्या जागी लिहीत बसेल आणि तिथे तोवर दुसऱ्याच कुणाचं सामान आलेलं असेल.

माझ्या १२८ ब्लॉकमध्ये जे ९ अडकले होते, त्या प्रत्येकात कर्नलची पेजेस जाऊन बसली होती. १२८ एमबीत एकच ४ केबीचं असं पेज असलं तरी पूर्ण ब्लॉक अडकतो. अख्ख्या विंगमध्ये एकच भाडेकरू हटून बसला की पाडकाम थांबतं ना, अगदी तसंच.

विंग रिकामी करण्याची शिस्त

एखाद्या ब्लॉकला 'ऑफलाइन हो' म्हटलं की लिनक्स काय करतो ते क्रमाने बघा. यातला क्रमच सगळं काही आहे.

१. नवे भाडेकरू बंद. त्या ब्लॉकमधली सगळी पेजेस 'आयसोलेट' म्हणून खुणावली जातात. रिकामी असतील ती आता कुणालाही मिळणार नाहीत. नंतर रिकामी होतील तीही परत बाजारात येणार नाहीत. हे आधी केलं नाही तर एका दाराने माणसं बाहेर काढताना दुसऱ्या दाराने नवी आत येत राहतील. प्रत्येक सीपीयू पटकन देता यावीत म्हणून थोडी रिकामी पेजेस आपल्या खिशात ठेवतो, तेही खिसे रिकामे करून घेतले जातात. न हलणारं पेज इथेच दिसलं तर काम लगेच थांबतं.

२. नोटीस. 'हा भाग ऑफलाइन होणार आहे' असं कर्नल आपल्या इतर भागांना कळवतो. ज्याला अडचण असेल तो इथे नकार देऊ शकतो. एकाने जरी नकार दिला तरी पुढचं सगळं रद्द होतं आणि 'रद्द झालं' हेही सगळ्यांना परत कळवलं जातं.

३. स्थलांतर. एकेक वापरातलं पेज घ्यायचं. दुसरीकडे नवीन पेज मिळवायचं. वहीतली जुनी नोंद काढून तिथे 'स्थलांतर चालू आहे' अशी चिठ्ठी लावायची. प्रत्येक सीपीयूने जुना पत्ता आपल्या टीएलबी नावाच्या छोट्या कप्प्यात पाठ करून ठेवलेला असतो, तो पुसायला लावायचा. मग मजकूर कॉपी करायचा आणि वहीत नवा पत्ता लिहायचा. नेमकं या मधल्या क्षणी ॲपने त्या पेजला हात लावला, तर त्याला ती चिठ्ठी दिसते आणि ते काम होईपर्यंत थांबतं. ही चिठ्ठी नसती तर ॲपने जुन्या पेजमध्ये लिहिलं असतं, कॉपी त्याआधीच झाली असती, आणि लिहिलेलं हवेत विरलं असतं. निकालाच्या साइटवर याचा अर्थ काय, विचार करा.

आणखी एक खबरदारी आहे. प्रत्येक पेज किती जणांनी धरून ठेवलंय याचा आकडा कर्नलकडे असतो. वहीत दिसणारे धरणारे आणि हा आकडा जुळला नाही, म्हणजे कुणीतरी अनोळखी हात त्या पेजवर आहे. अशा वेळी कर्नल ते पेज हलवत नाही, थोड्या वेळाने परत बघतो.

४. शेवटची फेरी. सगळं हलवून झालं असं समजून चालत नाही. प्रत्येक पेज खरंच रिकामं आणि आयसोलेट आहे ना, हे परत तपासलं जातं. एक जरी राहिलं तरी परत तिसरी पायरी.

५. ऑफलाइन. आता ब्लॉक हिशोबातून वजा होतो. त्यानंतरच 'रिमूव्ह': रस्ते उखडायचे, रजिस्टरमधल्या नोंदी फाडायच्या, आणि मग हार्डवेअरला किंवा होस्टला सांगायचं की घेऊन जा.

तिसरी आणि चौथी पायरी कितीही वेळ चालू शकते. कर्नलला आशा असते तोवर तो प्रयत्न करत राहतो. म्हणून शहाणी माणसं ही कमांड वेळेची मर्यादा घालूनच चालवतात. मध्येच थांबवलं तरी धोका नाही: आयसोलेशनची खूण काढली जाते, रिकामी पेजेस परत यादीत येतात आणि मशीन काही झालंच नाही असं चालू राहतं. मला विचाराल तर या सगळ्या रचनेतली सर्वांत चांगली गोष्ट हीच आहे. 'जमलं नाही' असं सांगून मागे फिरण्याची सोय प्रत्येक पायरीवर आहे.

त्याच वेळी कुणी रजिस्टर वाचत असेल तर?

हा प्रश्न मला सर्वांत उशिरा सुचला होता. समजा एका सीपीयूवर मेमरी काढण्याचं काम चालू आहे आणि दुसऱ्या सीपीयूवरचा कोड सगळी पेजेस एकेक करत बघत चाललाय. तो नेमका काढलेल्या ब्लॉकपाशी पोहोचला तर? ज्या नोंदी वाचायच्या त्या फाडून टाकलेल्या. कर्नल तिथेच कोसळणार.

यासाठी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे कुलूप. हॉटप्लगचं कुलूप असं बनवलंय की 'मेमरीची रचना आत्ता बदलू नका' म्हणणाऱ्यांना ते जवळजवळ फुकटात मिळतं, आणि रचना बदलणाऱ्याला मात्र सगळे बाहेर पडेपर्यंत थांबावं लागतं. रचना बदलण्याचं काम दिवसातून एखाद्या वेळी होतं, वाचणं सतत, म्हणून भार बदलणाऱ्यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे सवय. पेजचा नंबर हातात आहे म्हणून त्याची नोंद वापरायला जाऊ नका, आधी हा नंबर ऑनलाइन ब्लॉकमधला आहे का हे विचारा. कर्नलमध्ये यासाठी वेगळं फंक्शनच आहे. नोंद असते पण ताबा दिलेला नसतो, अशा पेजच्या नोंदीत कचराही असू शकतो. हे विचारायला विसरल्यामुळे होणारे बग फार वाईट असतात, कारण ते हजारात एकदा दिसतात.

मग त्या रात्री काय झालं?

साडेबाराला एका सहकाऱ्याने मेसेज टाकला: "गेस्टला विचारत काय बसलीस, होस्टकडून फोर्सने काढ की." वेळ जवळ येत होती आणि मला ते पटतही होतं. माझ्या लीडने वाचलं आणि फोनच केला. "अगं थांब. आत कोण झोपलंय ते न बघता भिंत पाडतात का?"

खरंच होतं ते. त्या ९ ब्लॉकमध्ये कर्नलच्या स्वतःच्या नोंदी होत्या. मेमरी खालून ओढली असती तर उत्तम परिस्थितीत व्हीएम जागच्या जागी कोसळलं असतं. वाईट परिस्थितीत डेटाबेसने 'लिहिलं' म्हटलेलं पण डिस्कवर नीट न पोहोचलेलं काहीतरी अर्धवट राहिलं असतं. तो डेटाबेस मुलांच्या मार्कांचा होता. 'बिझी' हा शब्द मला रात्री ११ वाजल्यापासून शिवीसारखा वाटत होता. तो खरं तर कर्नलने माझ्यावर केलेला उपकार होता.

आम्ही बॅकअप दोन तास पुढे ढकलला, सूचना लावली आणि साडेतीनला ते व्हीएम सरळ, व्यवस्थित रीस्टार्ट करून १६ जीबीवर आणलं. मावसभावाच्या फोनसारखंच! सकाळी लीडने माझी चूक दाखवली. ती रात्री ११ ची नव्हती, आदल्या सकाळची होती.

चूक जोडतानाच झाली होती

लिनक्स मेमरीचे भाग पाडतो, त्यांना झोन म्हणतात. 'नॉर्मल' झोनमध्ये कुणीही राहू शकतं, कर्नलसुद्धा. 'मूव्हेबल' झोनमध्ये फक्त हलवता येणारी पेजेस जातात. हा झोन २००७ मध्ये २.६.२३ या आवृत्तीत आला. ब्लॉक ऑनलाइन करतानाच सांगता येतं की हा मूव्हेबलमध्ये टाक. ज्या उपकरणांना पेज खूप वेळ पिन करायचं असतं, त्यांच्यासाठी नवा कर्नल ते पेज आधी मूव्हेबलमधून बाहेर नेतो आणि मग पिन करू देतो.

त्या व्हीएमवर नवीन मेमरी आपोआप ऑनलाइन होत होती, आणि तीही नॉर्मलमध्ये. मी ती सेटिंग बघितलीच नव्हती. दिवसभराच्या गर्दीत कर्नलने आपलं सामान हक्काने तिथे मांडलं. काढायचा विचार जोडताना करावा लागतो, हा धडा मी तेव्हापासून विसरलेले नाही.

पण इथे थांबले असते तर मी कशाची इंजिनिअर! पुढच्याच महिन्यात एका टेस्ट व्हीएमवर मी उलटी चूक केली. मूळ रॅम ४ जीबी, वर ६० जीबी जोडली, सगळी मूव्हेबल. आता कधीही काढता येईल म्हणून खूश. काही वेळाने मशीन प्रोसेस मारायला लागलं: मेमरी संपली! आणि बघते तर ४० जीबी रिकामी. झालं असं होतं की ६० जीबीच्या नोंदींनीच त्या ४ जीबीतले ९६० एमबी खाल्ले होते, आणि कर्नलला उरलेल्या जागेत पाय पसरता येत नव्हते. बाहेर ४० जीबीचं मैदान, पण तिथे कर्नलला राहायची परवानगी नाही. लिनक्सच्या कागदपत्रांत म्हटलंय की मूव्हेबल आणि कर्नलची मेमरी यांचं प्रमाण ३ ला १, फार तर ४ ला १ असेल तर सहसा ठीक चालतं. माझं होतं १५ ला १.

दुसरे मार्ग

अख्खं मॉड्यूल काढण्याच्या या हट्टाला पर्याय आहेत. जुना मार्ग बलूनचा. व्हीएमच्या आत एक छोटा ड्रायव्हर फुग्यासारखा फुगतो, म्हणजे स्वतःसाठी मेमरी मागून घेतो आणि ती पेजेस होस्टला देऊन टाकतो. कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ मध्ये व्हीएमवेअरच्या ईएसएक्स सर्व्हरबद्दलच्या पेपरमध्ये हे तंत्र मांडलं. त्यात गेस्टची मेमरी 'काढली' जात नाही, गेस्टच्याच नावावर राहते, फक्त अडकवून ठेवली जाते. नवा मार्ग व्हर्टआयओ-मेम, २०२० मध्ये लिनक्स ५.८ मध्ये आला. तो बलूनपेक्षा काटेकोर आहे आणि पूर्ण मॉड्यूलऐवजी काही एमबीच्या तुकड्यांत मेमरी देऊ-घेऊ शकतो. माझ्याकडे त्या रात्री तो असता तर ४८ नाही, पण बरीचशी मेमरी तरी परत करता आली असती.

याचा तुमच्या फोनशी काय संबंध?

ॲन्ड्रॉइडच्या खाली लिनक्सच आहे. फोनची रॅम कुणी काढत नाही, पण जागा रिकामी करण्याची हीच यंत्रणा तिथे दुसऱ्या कामासाठी चालते. कॅमेरा, व्हिडिओ यांसारख्या भागांना कधीकधी सलग लागून असलेली मोठी मेमरी हवी असते. ती कायमची राखून ठेवली तर कॅमेरा बंद असताना वाया जाणार. म्हणून २०१२ मध्ये लिनक्स ३.५ मध्ये सीएमए आलं: राखीव जागा एरवी हलू शकणाऱ्या पेजेसना उसनी द्यायची, आणि वेळ आली की तीच शिस्त, आयसोलेट करा, हलवा, तपासा आणि जागा मोकळी करून द्या. लग्नाचा हॉल रिकामा असताना त्यात क्लास भरवतात आणि मुहूर्त आला की बाकं उचलतात, तसं. अनेक फोनमध्ये हे घडतं आणि मागच्या ॲपला कळतही नाही की आपली जागा बदलली.

स्वतः बघायचंय?

लिनक्स लॅपटॉप असेल तर टर्मिनलमध्ये एलएसमेम ही कमांड, सगळी अक्षरं स्मॉल, टाकून बघा. तुमची रॅम ब्लॉकमध्ये कशी विभागली आहे आणि कोणते ब्लॉक ऑनलाइन आहेत हे दिसेल. शेजारी 'रिमूव्हेबल: यस' असं दिसलं तर हुरळून जाऊ नका. नव्या कर्नलमध्ये त्याचा अर्थ एवढाच की या कर्नलला ऑफलाइन करणं येतं. हा ब्लॉक खरंच निघेल याची हमी त्यात नाही. ऑफलाइन करून बघायचं असेल तर स्वतःच्या लॅपटॉपवर नको, एखाद्या टेस्ट व्हीएममध्ये करा, आणि कामाची फाइल आधी सेव्ह करा.

मावसभावाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि स्लायडर परत शून्यावर नेला. फोन म्हणाला: रीस्टार्ट करा. या वेळी त्याने काही कुरकुर केली नाही. उलट म्हणाला, "बरोबर आहे, आधी सगळ्यांना बाहेर तर पडू दे."